दोरीला बांधलेले विमान

उत्तरायणाच्या दिवसांत वडोदरा व वाघोडिया परिसरातील गच्च्या आणि छपरे मुलांनी फुलून जातात. दोरीने ओढून धरलेला असतो म्हणूनच पतंग वर चढतो, आणि दोरी तुटताच गिरक्या घेत खाली येतो, हे लहान मुलासही ठाऊक असते. विमानही असेच दोरीला बांधून उडविता येते, ही गोष्ट मात्र आमच्या पुष्कळ वाचकांस नवी वाटेल.

अशा लहान विमानास 'कंट्रोल लाइन' विमान म्हणतात. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या जिम वॉकर ह्या गृहस्थाने १९४० च्या सुमारास हा प्रकार लोकप्रिय केला. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील छात्र तो शिकतात. पूर्वी त्यास तेलावरचे चिमुकले एंजिन असे. आता विजेची मोटार व बॅटरी लावता येते, त्यामुळे धूर नाही आणि आवाजही कमी.

बांधणी साधी, परंतु काटेकोर असते. सांगाडा बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा. पंखाच्या मध्याजवळ एक लहान तरफ फिरती बसवितात. तिच्या दोन टोकांस बांधलेल्या दोन बारीक पोलादी तारा डाव्या पंखातून निघून उडविणाऱ्याच्या हातातील मुठीपर्यंत येतात. तरफेपासून एक सळई शेपटीच्या आडव्या झडपेकडे जाते. मूठ एका बाजूस कलविली की झडप वर उचलली जाऊन विमान चढते, उलट कलविली की उतरते. उडविणारा मध्यभागी उभा राहून स्वतः फिरतो व विमान त्याच्याभोवती घिरट्या घालते.

तारा १८ मीटर, विमानाचे वजन दीड किलो व वेग सेकंदास २० मीटर धरला, तर एक फेरी सुमारे ११३ मीटरांची होते आणि पावणेसहा सेकंदांच्या आत पुरी होते. त्या वेळी तारांवर साडेतीन किलोच्या आसपास ओढ पडते. ही ओढ हवीच. तारा सैल पडल्या की मुठीचा हुकूम विमानापर्यंत पोहोचत नाही. म्हणून उजव्या पंखाच्या टोकास थोडे वजन घालतात व मोटारीचे तोंड किंचित बाहेर वळवितात.

येथे पालकांस कळकळीची सूचना करावीशी वाटते. शेतांवरून विजेच्या वाहिन्या गेलेल्या असतात. पोलादी तार अशा वाहिनीस लागली, किंवा नुसती फार जवळ गेली, तरी प्राणावर बेतते. जवळपास वीजवाहिनी असेल, किंवा आभाळात गडगडत असेल, तर विमान घराबाहेर काढूच नये. लिथियम बॅटरी फुगली असल्यास वापरू नये, व ती भरताना कोणीतरी जागे आणि जवळ असावे. उड्डाणापूर्वी विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन तारा व सांधे पारखून घ्यावेत. प्रेक्षकांस वर्तुळाच्या बाहेर, पुरेशा अंतरावर उभे करावे.

"हा पोरखेळ कशाला?" असे कोणी विचारील. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी वडोदऱ्यात टाटा व एअरबस ह्यांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. वायुसेनेसाठी ठरलेल्या ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० तेथे बांधावयाची आहेत. आमच्या गावांतील मुलांनी असल्या कारखान्यांच्या फाटकाशी नुसते उभे राहावे, की आत हाताला काम मिळवावे, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे. एका विमानाने नोकरी मिळत नाही, हे खरे. परंतु मापात राहण्याची व कच्चा सांधा न लपविण्याची सवय हातास लागते. कारण लपविलेला सांधा पहिल्याच फेरीत उघडा पडतो.

नवशिक्यास प्रथम गरगरते. तेव्हा जाणता माणूस त्याच्या मुठीवर आपला हात ठेवतो, आणि मुलाचे मनगट सरावले की हळूच काढून घेतो. आईबापांनी मुलांस वाढविण्याची रीतही हीच आहे. हात फार लवकर काढला तर विमान आपटते. कधीच काढला नाही, तर मुलगा शिकत नाही.

पोप १५ वे बेनेडिक्ट ह्यांनी १९२० साली लोरेतोच्या पवित्र मरियेस वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तिचा सण १० डिसेंबरास येतो. मुलांच्या पहिल्या उड्डाणास तो दिवस योग्य होय. आधी मैदान नीट पाहावे, मग 'नमो मरिया' म्हणावी, आणि मगच मोटार सुरू करावी.