होडी विकण्याआधी कागद वाचा : परदेशात ट्रक चालवायला जाणाऱ्या पोरांसाठी



गेल्या महिन्यात आपले एक जुने सभासद सोसायटीत आले. म्हणाले, "सचिव, होडी आणि जाळी विकायची आहेत, गिऱ्हाईक बघा." आम्ही विचारलं, काय झालं? तर पोरगा दुबईला ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून निघालाय. एजंटाला १ लाख ८० हजार द्यायचे आहेत, तेही आठ दिवसांत.

पोरगा चांगला आहे. हेवी लायसन आहे, पुणे-बंगळूर रस्त्यावर रात्रंदिवस गाडी मारतो. शिक्षण नववी. एजंटानं सांगितलेलं, "आता व्हिजिट व्हिसावर चल, तिकडं गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो." आम्ही म्हटलं, काका, होडी कुठं पळून जात नाही. आठ दिवस द्या, आधी कागद बघू.

त्या आठ दिवसांत जे कळलं ते सगळ्यांसाठी इथं लिहितोय. कारण असा विचार आपल्या बऱ्याच घरांत चाललाय.

पहिली गोष्ट पासपोर्टची. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर बहुतेक वेळा ईसीआर असा शिक्का असतो. त्याचा अर्थ असा की यूएई, सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन धरून एकूण १८ देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही १९८३ च्या कायद्यातली तरतूद आहे. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स म्हणतात. अर्ज ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर होतो.

बरेच जण या शिक्क्याला अडथळा समजतात. तसं नाही. या परवानगीसाठी मालकाचा करार दाखवावा लागतो, पगार कागदावर येतो, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. तिकडं काम करताना सापडला तर गुन्हेगार तोच ठरतो, एजंट नाही.

दुसरी गोष्ट एजंटाची. परदेशात माणसं पाठवायला सरकारकडं नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी ई-मायग्रेटवर कुणालाही बघता येते. नाव टाका, नंबर टाका, चालू आहे की रद्द ते दिसतं. आणि अशा एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात, म्हणजे ३५,४०० रुपये. तेही पावती देऊन. आता १ लाख ८० हजारांशी हिशेब करून बघा. आम्ही त्या एजंटाचं नाव यादीत शोधलं. सापडलं नाही.

तिसरी गोष्ट लायसनची, आणि इथंच आपली पोरं सगळ्यात जास्त फसतात. बेळगावच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट मिळतं, ते एक वर्षाचं असतं. ते हातात आलं म्हणजे तिकडं ट्रकवर बसता येतं असं समजू नका. यूएईमध्ये तिथलंच हेवी लायसन काढावं लागतं, तिथं ट्रेनिंग आणि टेस्ट द्यावी लागते. स्टिअरिंग डावीकडं, गाडी उजवीकडून. वीस वर्षं चालवणारा माणूसही पहिल्या टेस्टला नापास होऊ शकतो. म्हणून करारात तीन ओळी शोधा: ट्रेनिंगचा खर्च कोण करणार, लायसन मिळेपर्यंत पगार किती, आणि नापास झाला तर काय.

आता युरोपच्या जाहिराती पण मोबाईलवर येतात. पोलंड, लिथुआनिया वगैरे. तिथं नुसता व्हिसा पुरत नाही. युरोपचं ट्रकचं लायसन आणि त्यावर 'कोड ९५' लागतो. तो मिळवायला कमी कालावधीच्या कोर्सचेही १४० तास आहेत. तिथले नियमही कडक. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचंच, दिवसाला ९ तास, आठवड्यात फक्त दोनदा १० तास. गाडीतलं यंत्र सगळं नोंदवतं. आपल्याकडं बंगळूरहून मुंबई एका दमात मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कॅनडाला जायचं तर बहुतेक ठिकाणी मालकाला तिथल्या सरकारकडून एलएमआयए हा मंजुरीचा कागद घ्यावा लागतो. त्याची फी १,००० डॉलर आहे. ती मालकानंच भरायची, कामगाराकडून वसूल करायची नाही असा तिथला कायदा आहे. "एलएमआयए विकत देतो" म्हणणारा माणूस दिसला की खिशावर हात ठेवा. आणि अमेरिकेनं तर ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रक ड्रायव्हरांना कामाचे व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. तरीही कुणी "अमेरिकेची ट्रकची जागा आहे" म्हणून पैसे मागत असेल, तर आधी तो निर्णय बदललाय का ते विचारा.

आता त्या पोराचं काय झालं ते सांगतो. तो दोन दिवस आमच्यावर रागावला होता. "मित्र जातायत, तुम्हीच अडवताय" म्हणाला. त्याचं चूक नाही. पाणी कमी झालं की मासळी कमी, हप्ते मात्र तेवढेच. तरुण पोरानं बाहेर बघायचं नाही तर काय करायचं? जाऊ नको असं आमचं म्हणणं नव्हतंच. नीट जा, एवढंच म्हणणं होतं. शेवटी त्यानं स्वतःच एजंटाला फोन करून नोंदणी नंबर मागितला. पलीकडून फोन कट झाला. पुन्हा उचललाच नाही.

आता तो बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसतोय. पास झाला तर ईसीआरचा शिक्का निघेल. नाहीच झाला तर नोंदणी असलेल्या एजंटामार्फत रीतसर परवानगी घेऊन जाईल. होडी अजून घाटावरच आहे. काका पहाटे जाळं टाकायला जातात.

सांबऱ्यात आपल्या डोक्यावरून रोज विमानं जातात. पोरांना वाटतं, परदेश इथूनच सुरू होतो. पण इथलं विमान देशातल्याच शहरांकडं जातं. पुढचा रस्ता कागदांचा आहे.

म्हणून विनंती आहे. पैसे देण्याआधी, होडी किंवा दागिने मोडण्याआधी, करार आणि एजंटाचा नंबर घेऊन सोसायटीत या. सोबत बसून वाचू. इंग्रजी अडलं तर आपल्यातलीच कॉलेजची पोरं आहेत. मूळ पासपोर्ट कुणाच्याही हातात सोडू नका, झेरॉक्स द्या. पैसे रोख देऊ नका. सरकारची मोफत हेल्पलाईन १८०० ११ ३०९० आहे, तिथं विचारता येतं.

ही पोस्ट ज्या घरात ड्रायव्हर पोरगा आहे, तिथं जरूर पाठवा.

आपले,
सचिव व संचालक मंडळ