घर दुरुस्तीचा हिशेब : आधी पत्रा, मग फरशी

कुरुंदा (ता. वसमत) : घराला हात लावायचा म्हटले की पहिली चर्चा फरशी आणि रंगाची होते. कुरुंद्यात मात्र हिशेब छतापासून सुरू करायला हवा. जुलै २०२२ मध्ये गावात पुराचे पाणी शिरले. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. मार्चमध्ये प्रशासनाने पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढण्याचे आवाहन केले. पण दगड काढल्यावर वादळात पत्रा धरणार कोण? हूक-बोल्ट. हा खर्च किरकोळ, आणि नेमका तोच अंदाजात विसरला जातो.

समजा, हाती ३ लाख आहेत. त्यातले १५ टक्के, म्हणजे ४५ हजार, आधीच बाजूला काढा. जुनी भिंत उकरल्यावर आत काय निघेल, हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही. उरलेल्या २ लाख ५५ हजारांतून आधी छत, भेगा आणि ओल. उरले तर फरशी. दगड-मातीच्या भिंतीला नुसते प्लास्टर केल्याने बळ येत नाही. १९९३ मध्ये किल्लारी परिसरात अशाच भिंतींखाली हजारो माणसे दबली.

सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुना अंदाज असेल तर दर पुन्हा विचारा. काम गुत्त्याने देणार असाल तर मोजमाप कसे, साहित्य कोणाचे आणि राडारोडा कोण उचलणार, हे उचल देण्याआधी कागदावर घ्या.