क्योजिन नो होशी

क्योजिन नो होशी (अर्थ: 'जायंट्सचा तारा') ही बेसबॉल या खेळावर आधारलेली जपानी ॲनिमे मालिका आहे. ३० मार्च १९६८ ते १८ सप्टेंबर १९७१ या काळात ती जपानी दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला प्रसारित झाली. तिचे एकूण १८२ भाग आहेत. लेखक काजिवारा इक्की आणि चित्रकार कावासाकी नोबोरु यांच्या याच नावाच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, ती बेतलेली आहे. संपूर्णपणे खेळाला वाहिलेली जपानमधील पहिली दूरचित्रवाणी ॲनिमे मालिका म्हणून तिची गणना होते. कष्ट, क्लेश आणि त्याग यांच्या बळावर यशाकडे झेपावणाऱ्या खेळाडूंच्या कथांना जपानी भाषेत 'सुपोकोन' म्हणतात. 'स्पोर्ट्स' आणि 'कोन्जो' (चिवट जिद्द) या दोन शब्दांचा हा संक्षेप होय. या कथाप्रकाराचा साचा प्रामुख्याने याच मालिकेने घडवला. तिची बलस्थाने आणि तिच्यातील उणिवा या दोहोंचे मूळ 'कोन्जो'च्या कल्पनेत सापडते.

(या लेखात जपानी व्यक्तिनामे जपानी रीतीप्रमाणे, आडनाव आधी लिहून, दिली आहेत. 'होशी' हे नायकाचे आडनाव असून त्याचा अर्थ 'तारा' असाही होतो. 'क्योजिन' म्हणजे महाकाय पुरुष. योमिउरी जायंट्स या व्यावसायिक संघाचे हे प्रचलित जपानी नाव आहे.)

पार्श्वभूमी

मूळ मांगा कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'शुकान शोनेन मॅगझिन' या साप्ताहिकात १९६६ ते १९७१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाला. काजिवारा (१९३६–१९८७) यांनी याच साप्ताहिकासाठी वेगळ्या टोपणनावाने 'आशिता नो जो' ही मुष्टियुद्धावरील गाजलेली कथाही लिहिली.

मालिकेचा काळ हा जपानच्या वेगवान आर्थिक वाढीचा काळ होता. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचे प्रशिक्षक दाइमात्सु हिरोबुमी यांच्या अतिकठोर सरावपद्धतीची देशभर चर्चा झाली आणि 'कोन्जो' हा शब्द घरोघरी पोहोचला. दुसरीकडे, कावाकामी तेत्सुहारु यांच्या व्यवस्थापनाखाली योमिउरी जायंट्स संघाने १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. कावाकामी, नागाशिमा शिगेओ आणि ओ सादाहारु ही खऱ्या बेसबॉलमधील माणसे मालिकेत स्वतःच्या नावानिशी वावरतात. काल्पनिक नायकाला प्रत्यक्षातील संघात आणून सोडण्याच्या या युक्तीमुळे तत्कालीन प्रेक्षकाला कथा आपल्या काळातली वाटली.

कथानक

होशी इत्तेत्सु हा जायंट्सचा माजी खेळाडू. युद्धात खांदा जायबंदी झाल्याने त्याची कारकीर्द संपुष्टात येते. पुढे तो रोजंदारीवर मजुरी करत चाळवजा घरात राहतो. पत्नी वारली आहे. घर मुलगी आकिको सांभाळते. आपले अपुरे स्वप्न मुलाने, ह्यूमाने, पुरे करावे हा इत्तेत्सुचा एकमेव ध्यास आहे. त्यासाठी तो लहानग्या ह्यूमाच्या छातीभोवती आणि दंडांवर जाड स्प्रिंगांचा एक पट्टा जखडतो. कपड्यांच्या आत दिवसभर घालायच्या या पट्ट्यामुळे हाताची प्रत्येक हालचाल स्प्रिंगांच्या ताणाविरुद्ध करावी लागते.

ह्यूमा डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून घडतो. सेइउन शाळेत त्याला बान हा कॅचर जिवलग मित्र म्हणून लाभतो. कोशिएन येथील राष्ट्रीय शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, बोटाच्या दुखापतीने रक्तबंबाळ झालेला असताना, तो हानागाता मित्सुरु या प्रतिस्पर्ध्याकडून पराभूत होतो. पुढे शाळा सोडून निवड चाचणीमार्गे तो जायंट्समध्ये प्रवेश मिळवतो.

व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरल्यावर लहान चणीमुळे त्याचा चेंडू 'हलका' पडतो आणि सहज सीमेपार टोलावला जातो, असे निदान होते. त्यावर मात करण्यासाठी ह्यूमा एकामागून एक तीन अद्भुत चेंडू शोधतो. पहिला चेंडू नेमका बॅटवर आदळून फलंदाजाला निष्प्रभ करतो, दुसरा वाटेत दिसेनासा होतो आणि तिसरा जोरात फिरवलेल्या बॅटला हुलकावणी देतो. दरम्यान मुलाची परीक्षा पाहण्यासाठी स्वतः इत्तेत्सु चुनिची ड्रॅगन्स या प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक होतो. बानही त्याच संघात जातो. तिसरा चेंडू हात कायमचा निकामी करील हे कळल्यानंतरही ह्यूमा तो टाकत राहतो. चुनिचीविरुद्ध एकाही फलंदाजाला तळावर पोहोचू न देणारा 'परफेक्ट गेम' तो पुरा करतो, अखेरचा फलंदाज म्हणून समोर बान उभा असतो, आणि त्याच सामन्यात त्याचा डावा हात संपतो.

निर्मिती

मालिकेची निर्मिती तोक्यो मूव्ही या संस्थेने केली. दिग्दर्शक नागाहामा तादाओ हे बाहुलीनाट्याच्या क्षेत्रातून ॲनिमेकडे आले होते. पात्रांच्या मुद्रांमधील ठसठशीत नाट्यमयतेशी या पार्श्वभूमीचा संबंध जोडता येतो. ह्यूमाला आवाज देणारे फुरुया तोरु (जन्म १९५३) मालिका सुरू झाली तेव्हा स्वतः शाळकरी वयाचे होते. पुढे १९७९ च्या 'किदो सेन्शी गंडाम'मधील नायकाच्या आवाजामुळे ते सर्वत्र ओळखले जाऊ लागले. इत्तेत्सुचा आवाज कातो सेइझो यांचा, तर संगीत वातानाबे ताकेओ यांचे होते.

बलस्थाने

गरिबीचे चित्रण: मजुराचे घर, कर्ज काढून शिकवलेला मुलगा, बहिणीची ओढाताण यांचे चित्रण मालिका आडपडदा न ठेवता करते. शाळेच्या प्रवेशमुलाखतीत वडिलांच्या व्यवसायाबद्दल विचारले असता ह्यूमा ते देशातले सर्वोत्तम रोजंदार मजूर असल्याचे ताठ मानेने सांगतो. हा प्रसंग मालिकेतील सर्वाधिक स्मरणात राहिलेल्या प्रसंगांपैकी एक आहे. श्रमाची लाज न बाळगण्याची ही भूमिका कष्टकरी घरांतील प्रेक्षकांना आपली वाटणारी होती.

प्रतिस्पर्ध्यांची उंची: हानागाता हा मोटारकारखानदाराचा मुलगा असला तरी तो आयत्या सुखावर जगत नाही. ह्यूमाचा पहिला चेंडू टोलावण्यासाठी तो लोखंडी बॅटने लोखंडी गोळे मारण्याचा सराव करतो. चेंडू टोलावतो, पण स्वतःचे शरीर मोडून घेतो. सामोन होसाकु हा धाकट्या भावंडांचा भार वाहणारा अनाथ तरुण आहे. नायकाइतकेच सबळ कारण त्याच्यापाशीही असल्यामुळे कोणाचा विजय व्हावा हे प्रेक्षकाला सहज ठरवता येत नाही.

प्रश्न आणि उकल यांची साखळी: प्रत्येक नवा चेंडू हे एक कोडे असते. प्रतिस्पर्धी त्याचा अभ्यास करतात, त्यातील कच्चा दुवा शोधतात, आणि नायकाला पुन्हा आरंभापासून विचार करावा लागतो. पुढील काळातील असंख्य क्रीडाकथांनी ही रचना उचलली.

यशाची किंमत: नायकाला अखेरीस निष्कलंक सामना मिळतो, पण हात गमवावा लागतो. कोन्जोचा जयघोष करणारी ही कथा कोन्जोचा हिशेबही मांडते. केवळ प्रेरणादायी कथा म्हणून तिचा उल्लेख करताना हा भाग बहुधा निसटतो.

उणिवा

संथ गती: पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर सुमारे १८.४४ मीटर असते. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू ते साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. मालिकेत मात्र एकाच चेंडूची फेक स्वगते, पूर्वस्मृती आणि प्रेक्षागृहातील चेहरे यांच्या आधारे भागाचा मोठा हिस्सा व्यापू शकते. मांगा आणि मालिका बराच काळ समांतर चालू असल्याने कथा ताणणे भाग होते. त्याचा ताण १८२ भाग सलग पाहणाऱ्याला जाणवतो.

शास्त्रीय विसंगती: बेसबॉलच्या चेंडूचे वजन सुमारे १४५ ग्रॅम असते आणि फेकणाऱ्याच्या चणीने ते बदलत नाही. त्यामुळे 'हलका चेंडू' ही कल्पना शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. धुळीच्या आडोशाने अदृश्य होणारा चेंडूही तसाच. ही कथेतील अद्भुतता म्हणून स्वीकारता येते. परंतु मालिका स्वतः तिचे गंभीर शास्त्रीय विवेचन करत असल्याने विसंगती ठळक होते.

सांघिक खेळाचा संकोच: बेसबॉल नऊ जणांचा खेळ आहे. येथे तो बहुतांश वेळ दोघांच्या द्वंद्वयुद्धात आक्रसतो. क्षेत्ररक्षण, डावपेच, सहकाऱ्यांचा वाटा यांना गौण स्थान मिळते.

स्त्रीपात्रे: आकिको बहुतेक काळ आडोशाला उभी राहून भावासाठी डोळे पुसते. ह्यूमाचे जिच्यावर प्रेम जडते ती परिचारिका हिदाका मिना कर्करोगाने मरण पावते आणि तिचा मृत्यू मुख्यतः नायकाच्या मनोवस्थेला वळण देण्यापुरता उरतो. स्वतःच्या इच्छाआकांक्षा असलेली स्त्री मालिकेत क्वचितच दिसते. मुलींना केंद्रस्थानी ठेवणारी 'अटॅक नंबर वन' ही व्हॉलीबॉलवरील मालिका १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हा ही पोकळी काही अंशी भरून निघाली.

एका संघाचा गौरव: मालिका योमिउरी समूहाच्या वाहिनीवरून प्रसारित झाली आणि जायंट्स संघाची मालकीही त्याच समूहाकडे होती. कथेत या संघाला जवळजवळ तीर्थक्षेत्राचे स्थान आहे. इतर संघ त्याच्याशी झुंजण्यापुरते येतात.

इत्तेत्सु आणि शिस्तीचा प्रश्न

मालिकेवरील सर्वांत गंभीर आक्षेप बापाच्या वर्तनाबद्दल आहे. संतापाच्या भरात जेवणाचे बैठे मेज उलथून टाकणारा बाप ही इत्तेत्सुची प्रतिमा जपानी लोकमानसात पक्की रुजली आहे. वास्तविक हे दृश्य कथेत अगदी क्वचित येते. भागाच्या शेवटी श्रेयनामावलीबरोबर ते पुनःपुन्हा दाखवले गेल्याने नेहमीचे वाटू लागले. मुलाला मारणे, त्याच्या शरीराला यंत्र जखडणे, त्याचे बालपण हिरावून घेणे या गोष्टी मात्र कथेत प्रत्यक्ष आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्या प्रेमाचेच कठोर रूप म्हणून मांडल्या आहेत.

जपानमध्ये १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्यानेच शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली होती. तरीही क्रीडाप्रशिक्षणात मारहाण दीर्घकाळ खपवून घेतली गेली. ओसाकातील एका शालेय बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर २०१२ मध्ये आत्महत्या केल्यावर या विषयाने उग्र रूप धारण केले, आणि २०१३ मध्ये देशातील प्रमुख क्रीडासंस्थांनी खेळातील हिंसेच्या निर्मूलनाची संयुक्त घोषणा केली. शालेय बेसबॉलमध्ये पिचरच्या हातावर पडणाऱ्या भाराचाही फेरविचार झाला. १९९८ च्या कोशिएन स्पर्धेत मात्सुझाका दाइसुके या विद्यार्थ्याने १७ डाव चाललेल्या एका सामन्यात २५० चेंडू टाकले, तेव्हा देशाने त्याचे कौतुक केले. २०२० पासून मात्र एका पिचरने आठवड्यात ५०० पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत, अशी मर्यादा लागू झाली. या सर्व गोष्टींना एक मालिका कारणीभूत ठरवणे अतिशयोक्तीचे होईल; पण ज्या विचारसरणीतून त्या उद्भवल्या, तिचे अत्यंत प्रभावी चित्र या मालिकेत जतन झाले आहे.

मालिका बापाची बाजू घेते की त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, याचे उत्तर एकसारखे नाही. आपण बापाने घडवलेला बेसबॉलचा यांत्रिक बाहुला आहोत, ही जाणीव ह्यूमाला मध्येच ग्रासते आणि तो त्याच्यापासून दूर होतो. परंतु अंतिम सामन्यात मुलाने बापाला जिंकले म्हणून त्या छळाचेही सार्थक झाले, असा सूर लागतो. हा अंतर्विरोध मालिका सोडवत नाही.

उत्तरकथा

'शिन क्योजिन नो होशी' ('नवा जायंट्सचा तारा') हा उत्तरभाग मांगाच्या रूपात १९७६ ते १९७९ या काळात आला. त्यावरील ॲनिमे मालिका १९७७–७८ मध्ये प्रसारित झाली आणि १९७९ मध्ये तिचा दुसरा भाग आला. यात ह्यूमा आधी फलंदाज म्हणून आणि नंतर उजव्या हाताने चेंडू फेकणारा पिचर म्हणून परततो. तो मुळात उजखोराच होता आणि बापाने त्याला डावखुरा बनवले होते, हे येथे उघड होते.

भारतीय रूपांतर

या कथेचे 'सूरज: द रायझिंग स्टार' हे हिंदी रूपांतर कलर्स वाहिनीवर २३ डिसेंबर २०१२ पासून प्रसारित झाले. भारत व जपान यांच्या सहनिर्मितीतून साकारलेल्या या मालिकेचे २६ भाग आहेत. बेसबॉलची जागा क्रिकेटने घेतली असून कथा मुंबईत घडते. गरीब वस्तीतील सूरज हा मुलगा वडिलांच्या कडक देखरेखीखाली भारतीय संघात स्थान मिळवण्यासाठी धडपडतो. मूळ कथेतील धातूच्या स्प्रिंगांच्या जागी येथे सायकलच्या ट्यूब आल्या. चाळवजा घर, हातावर पोट असलेला बाप आणि खेळातून वर येण्याची आस हे घटक मुंबईच्या वातावरणात सहज सामावले गेले. मुलाकडून किती अपेक्षा करावी, हा मूळ कथेतील प्रश्नही त्यांच्याबरोबर आला.