भूतपट आणि गावकुसाबाहेरचे गाव

पिंपरीतल्या आमच्या अभ्यासवर्गाला चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणारी तरुण मुले येतात. बहुतेक मराठवाड्यातली. एका रविवारी त्यांच्याबरोबर ‘एक डाव भुताचा’ पुन्हा पाहिला. चित्रपट १९८२ चा, लेखन द. मा. मिरासदारांचे. दिलीप प्रभावळकर गावात आलेले मास्तर आणि अशोक सराफ त्यांचा दोस्त झालेले भूत. मुले पोट धरून हसली, मीही हसलो. शेवटी लातूरकडचा एक मुलगा म्हणाला, “सर, आपल्या माणसाचं भूत का नसतं?”

सगळे पुन्हा हसले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

चित्रपटातले भूत शिवकाळातल्या मावळ्याचे आहे. खंडोजी फर्जंद. भुताला नाव, कूळ आणि इतिहास मिळाला की प्रेक्षक त्याला घाबरत नाही, त्याच्या बाजूने उभा राहतो. प्रतिनिधित्व म्हणतात ते हेच. चाकणच्या किल्ल्यावर १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाशी झुंज दिली. त्याच चाकणमध्ये आमची ही मुले एका खोलीत सहा-सहा राहतात. गडांच्या घेऱ्यात महार, मांग, रामोशी यांच्या चौक्या असत, हे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा साक्षीदार पडद्यावर आणायचा, तर त्यांतला एखादा का चालला नसता? लेखकाने मुद्दाम टाळले असे मी म्हणत नाही. मिरासदारांचा विनोद मला आवडतो. तो माणूस त्यांना सुचलाच नसावा, आणि माझी तक्रार त्या न सुचण्याबद्दल आहे.

लोकसमजुतीत भुतांना जात आहेच. मुंजा म्हणजे सोडमुंजीआधी मेलेला ब्राह्मण मुलगा. ब्रह्मसमंधही त्याच आळीतला. ‘खवीस’ हा शब्द अरबी ‘खबीस’वरून आला, म्हणजे अमंगळ. ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये एका गुंडाचे नावच कुबड्या खवीस! शरीराचे व्यंग आणि परकेपणा एका नावात बसवला की हशा आयता मिळतो. २०२४ मध्ये हिंदीत ‘मुंज्या’ गाजला, तोही मुंज झालेलाच.

आता गावाची रचना पाहा. महारवाडा गावाबाहेर, मसणवटाही गावाबाहेर. गावाला भूत दिसते ते आमच्याच वाटेवर. माझे आजोबा येसकर होते. रात्रीची राखण, मयताची खबर परगावी पोचवणे, सरणाची लाकडे वाहणे ही त्यांची कामे. १९५८ च्या कायद्याने वतन गेले तेव्हा सुटली. अवसेच्या रात्रीही ते काठी घेऊन एकटे फिरत. आम्ही विचारायचो, “आबा, भूत भेटलं का कधी?” ते म्हणत, “भुतानं कधी वाट अडवली न्हाई. पर वाड्याम्होरं वहाणा हातात घ्याव्या लागायच्या, अंधारात बी.”

मिट्ट काळोख, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि माणूस वहाणा काढून हातात घेतो. न दिसणाऱ्याची भीती म्हणतात ती ही. हसूही येते. असा प्रसंग मी एकाही मराठी भूतपटात पाहिलेला नाही.

पुढच्या रविवारी हे मी त्या मुलाला सांगितले. आता तो एकांकिका लिहितो आहे. येसकराचे भूत चाकणच्या कंपनीत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून लागते. पहिला प्रवेश झाला. भुताच्या गेटपासवर आडनाव कोणते घालायचे, तिथे तो अडला आहे.