उन्हावरचं व्याज

नामिबियाच्या वाळवंटात एक किलोवॉटचं सौर पॅनेल लावलं, तर वर्षभराच्या सरासरीने ते दिवसाला पाच युनिटपेक्षा जास्त वीज देतं. तेच जर्मनीत लावलं तर जेमतेम तीन. सौर विजेसाठी नामिबियाहून चांगलं ऊन क्वचितच कुठल्या देशाच्या वाट्याला आलं असेल. तरी नामिबिया आपली निम्म्याहून अधिक वीज शेजाऱ्यांकडून विकत घेतो, आणि ढगाळ जर्मनी सौरऊर्जेत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे.

असं का व्हावं? कोळशाच्या वीजकेंद्राला जन्मभर कोळसा लागतो आणि त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला बिलांतून वसूल होतात. सौर प्रकल्पाचं गणित उलटं आहे. ऊन फुकट, देखभालीचा खर्च किरकोळ. पण पॅनेल, इन्व्हर्टर, तारा, जमीन यांचा जवळजवळ सगळा पैसा वीज सुरू होण्याआधीच ओतावा लागतो. पंचवीस वर्षांची वीज आगाऊ विकत घेण्यासारखंच ते. एवढी रक्कम कर्जाशिवाय उभी राहत नाही. म्हणून सौर विजेचा दर जितका सूर्यावर, तितकाच बँकेच्या व्याजदरावर ठरतो.

आकडे मांडूनच पाहा. समजा, 100 कोटींचा प्रकल्प आहे, सगळा कर्जावर, मुदत 25 वर्षं. व्याज 4 टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे 6 कोटी 40 लाख. 12 टक्के असेल तर 12 कोटी 75 लाख! पॅनेल तीच, कारखाना तोच, हप्ता मात्र दुप्पट. म्हणजे निसर्गाने एखाद्या देशाला पावणेदोन पट ऊन दिलं, तरी व्याजातला एवढा फरक ते सगळं गिळून वर आणखी मागतो. मी हा हिशेब पुन्हापुन्हा केला आणि दर वेळी थक्क झालो. हे आकडे उदाहरणापुरते घेतलेले असले, तरी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थाही सांगते की विकसनशील देशांतल्या अशा प्रकल्पांना भांडवल श्रीमंत देशांच्या दुपटीहून महाग पडतं.

धनकोची भीती अगदीच खोटी नाही. यंत्रसामग्री डॉलरमध्ये, बहुतेकदा कर्जही डॉलरमध्ये, आणि लोक बिल भरणार स्थानिक चलनात. चलन घसरलं की हप्ता आपोआप फुगतो. 2022 साली घानाची सेडी अशीच कोसळली आणि वर्षअखेरीस त्या देशाने परदेशी कर्जाची बरीचशी परतफेड थांबवली. असं होईल हे धरूनच सावकार आधीपासून जादा व्याज लावतो. पण हवेत कार्बन डायॉक्साइड ज्यांनी सर्वांत कमी सोडला, त्यांनीच स्वच्छ विजेसाठी सर्वांत जड हप्ता भरायचा, हा अन्याय आहे. हवामानाची जबाबदारी सगळ्यांची असली तरी सारखी नाही, हे तत्त्व 1992 च्या आंतरराष्ट्रीय हवामान करारातच मान्य झालं होतं.

2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर पडण्यासाठी 8.5 अब्ज डॉलर देऊ केले. आराखडा आला तेव्हा दिसलं, की त्यात मोठा हिस्सा कर्जाचा, काही सवलतीच्या व्याजाचं तर काही बाजारभावाचं. अनुदान चार टक्क्यांच्या आसपास. 2025 मध्ये अमेरिकेने त्यातून अंगही काढून घेतलं.

यावर उपाय नाही असं मात्र नाही. मध्य प्रदेशातल्या रीवा इथे 750 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. वीज घेणारा पैसे थकवील, ही गुंतवणूकदारांची मोठी धास्ती होती. राज्य सरकारने देणी चुकवण्याची हमी दिली, आणि 2017 च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2 रुपये 97 पैशांवर आला. त्याआधी मोठ्या प्रकल्पांचे दर साधारणपणे चार रुपयांच्या वर असत. पॅनेलही तोवर स्वस्त झाली होती, पण हमीचा वाटा त्यात मोठा होता. त्या विजेवर दिल्लीची मेट्रोही धावते.

2024 मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांसाठीचा हवामान निधी 2035 पर्यंत वर्षाला किमान 300 अब्ज डॉलरपर्यंत नेण्याचं कबूल केलं. त्यात हमीचा वाटा मोठा असावा, असं मला मनापासून वाटतं. हमीदाराला खिशात हात घालावा लागतो तो हप्ता थकला तरच. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून उतरतं.