पेठ, गुंठेवारी आणि पूररेषा

नगररचनेच्या ग्रंथांत आराखडा प्रथम आणि घरे नंतर असा क्रम सांगितलेला असतो. परंतु कृष्णेच्या खोऱ्यातील सातारा आणि सांगली या दोन शहरांच्या उपनगरांकडे पाहिले, तर पुष्कळ ठिकाणी घरे आधी उभी राहिली, त्यांच्यामध्ये जी जागा उरली तिला रस्ता म्हणण्यात आले आणि नकाशा सर्वांच्या मागून आला, असेच म्हणावे लागते. म्हणून येथे पुनर्विकास या शब्दाने जुना वाडा पाडून त्या जागी पाच मजली इमला चढविणे एवढाच अर्थ घेऊन भागत नाही. मिळकतीचे दप्तर दुरुस्त करणे आणि पाण्याला वाट करून देणे ही त्याची पहिली दोन कामे होत, आणि नेमकी तीच मागे पडत आली आहेत.

मूळची शहरे अशी आपोआप वाढलेली नव्हेत. छत्रपती शाहूंनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसविलेल्या शाहूनगरात, म्हणजे आजच्या साताऱ्यात, शनिवार, सोमवार, यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा अशा पेठा पडल्या. आणि मिरजेच्या घराण्यातून विभक्त होऊन चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ मध्ये सांगलीस राजधानी केली, तेव्हा तेथेही किल्ला, देवालय आणि व्यापारी पेठ यांची घडी राज्यकर्त्यांच्या देखरेखीखाली बसली. ही घडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडली. सांगलीची हळद आणि गुळाची बाजारपेठ, विश्रामबागेतील महाविद्यालये, मिरजेची रुग्णालये आणि कुपवाडची औद्योगिक वसाहत यांनी माणसे खेचून आणली. त्या माणसांना राहावयास जागा देण्याची तजवीज मात्र कोणी केली नव्हती.

ती तजवीज माणसांनी स्वतःच केली. एकराचे गुंठे ४०, आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शहरालगतच्या शेतकऱ्याने रानात चुन्याच्या फक्क्या मारून गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडले आणि हमाल, कारखान्यातील कामगार, शिपाई, शिलाईवाले यांनी दागिना मोडून ते घेतले. हीच गुंठेवारी. जमीन बिगरशेती झालेली नव्हती आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या लहान तुकड्याच्या खरेदीची नोंदही होत नसे. तेव्हा व्यवहार मुद्रांकाच्या कागदावर उरकला गेला, सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच राहिले, आणि घेणाऱ्याने पैसे मोजूनही तो कायद्याच्या दृष्टीने उपराच ठरला. नाव नाही म्हणून बांधकामाचा परवाना नाही, परवाना नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, आणि वस्ती मंजूर नाही म्हणून गटार नाही, अशी ही अडचणींची साखळी होती. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून ९ फेब्रुवारी १९९८ रोजी महानगरपालिका झाली, तेव्हा अशा वस्त्यांचा वारसा तिच्या पदरी आला.

२००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे भूखंड प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क घेऊन नियमित करण्याचा मार्ग खुला केला. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. मुदत वीस वर्षे पुढे न्यावी लागली, यावरूनच तुकडे पाडण्याचे काम मधल्या काळात थांबले नव्हते हे उघड होते. शिवाय कागद नियमित झाला तरी जमीन बदलत नाही. सांगलीच्या शामरावनगरासारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात पावसाचे पाणी मुरत नाही आणि वाहतही नाही. चिखलावर उपाय म्हणून रस्त्यावर मुरूम पडत राहतो, रस्ता उंच होतो, आणि पूर्वी ज्या घरात दोन पायऱ्या चढून जावे लागे त्याच घरात आता एक पायरी उतरून जावे लागते. अशा घरावर मजला चढविल्याने कुटुंबाला खोली मिळते, वस्तीला निचरा मिळत नाही.

त्यात नदीचा हिशेब वेगळाच आहे. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ आणि २०२१ च्या महापुरांत ती बरीच मागे पडली आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नदीकडील निळ्या पूररेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि निळ्या व तिच्या बाहेरच्या लाल रेषेच्या दरम्यान जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर उंच ठेवावे लागते. घरांच्या बाबतीत हा नियम खाली वाहनतळ सोडून पाळता येतो. दुकानांच्या बाबतीत मात्र तो व्यापाराच्या मुळावर येतो, कारण गिऱ्हाईक जिना चढत नाही हे प्रत्येक दुकानदार जाणतो. पुराची वर्दी येताच गणपती पेठेतील व्यापारी पोती आणि डबे माळ्यावर चढवितात, आणि पाणी ओसरल्यावर त्याच गाळ्यात पुन्हा बैठक घालतात. तो गाळा पुष्कळदा पिढीजात भाड्याचा असतो. मालकाला तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, आणि पाडकामानंतर नव्या इमारतीत भाडेकरूला जागा देण्याची कायद्यात तरतूद असली तरी इमारत पुरी होईपर्यंत व्यापार कोठे करावा याचे उत्तर त्या तरतुदीत नाही.

साताऱ्याला महापुराचे भय नाही. तेथे उतार आहे आणि जागेची चणचण आहे. राजवाडा ते पोवई नाका या चिंचोळ्या पट्ट्यात बाजार कोंडला, तेव्हा नाक्यावर ग्रेड सेपरेटर बांधून वाहतूक जमिनीखाली नेण्यात आली आणि २०२१ च्या आरंभी तो खुला झाला. त्याआधी २०२० मध्ये नगरपालिकेची हद्द वाढून शाहूपुरी, विलासपूर आदी उपनगरे शहरात आली. ग्रामपंचायतीच्या काळात सोयीप्रमाणे वाढलेल्या या वस्त्यांना आता शहराची घरपट्टी भरावी लागणार, आणि त्या बदल्यात शहराचे पाणी, गटार व रस्ता मागण्याचा हक्कही त्यांना मिळणार. हद्दवाढीचे यशापयश या देवाणघेवाणीवरच ठरेल.

मुंबईत पुनर्विकासाचे इंजिन म्हणजे वाढीव चटईक्षेत्र. विकासक जास्तीचे गाळे विकून जुन्या रहिवाशांची घरे फुकट बांधून देतो. सांगली-साताऱ्यात जमिनीचा भाव तेवढा नाही, म्हणून ते इंजिन येथे जागोजागी बंद पडते, आणि भार पालिकेवर व खुद्द रहिवाशांवर येतो. अशा शहरांनी मनोऱ्यांची चित्रे फलकांवर लावण्यापूर्वी वस्तीवार मोजणी पुरी करावी, फेरफार नोंदवून द्यावेत, नाल्यांच्या मूळ वाटा मोकळ्या कराव्यात आणि बाजार हलवावयाचा असेल तर त्याआधी व्यापाऱ्याला रस्त्याच्या पातळीवर तात्पुरता गाळा द्यावा. ज्याचे नाव उताऱ्यावर चढले आणि ज्याच्या दाराशी पाणी साचेनासे झाले, तो माणूस घर स्वतःच्या हिमतीने बांधतो. गुंठेवारीचा सगळा इतिहास त्याला साक्ष आहे.