न्हाणीघराच्या भिंती

घर बांधावयाचें किंवा जुन्या घराची डागडुजी करावयाची म्हटलें, म्हणजे दिवाणखान्याच्या रंगासंबंधीं घरांतील लहानथोर आठ-आठ दिवस खल करितात. परंतु न्हाणीघराच्या भिंतींचा प्रश्न आला, कीं दुकानांत जी टाइल डोळ्यांत भरेल ती घेऊन यावी, इतकाच विचार बहुधा होतो. आमच्या घरींही हेंच झालें, आणि त्याचें प्रायश्चित्त आम्हांस चांगलेंच भोगावें लागलें.

आमचें कुटुंब बारा-पंधरा माणसांचें. पहांटेपासून दहा वाजेपर्यंत न्हाणीघरास विसांवा नाहीं. तेथील जुना चुन्याचा गिलावा काढून आम्हीं पांढऱ्या शुभ्र टाइल्स बसविल्या. दोन वर्षें लोटलीं, आणि पाठीमागील खोलीच्या भिंतीला ओल आली. मग लोणा फुटला. आणि एके दिवशीं त्या भिंतींतील कपाट उघडून पाहतों, तों आजोबांच्या हातच्या पोथ्यांना बुरशी चढलेली! भिंत पुन्हां नीट करतां आली. दोन पोथ्यांचीं पानें मात्र एकमेकांस चिकटलीं, तीं चिकटलींच. दोष गवंड्याचा नव्हे. आम्हीं त्यास टाइल्स लावावयास सांगितलें होतें; पाणी अडवावयास सांगितलेंच नव्हतें.

टाइल हें भिंतीचें वस्त्र आहे, चिलखत नव्हे. तिच्या झिलईंतून पाणी जात नाहीं हें खरें. परंतु दोन टाइल्समधील सांधे सिमेंटचे असतात, व सिमेंट सच्छिद्र असल्यामुळें पाणी शोषून घेतें. तें पाणी गिलाव्यांत मुरतें, विटांतील क्षार विरघळवीत पलीकडे निघतें, आणि सुकतांना क्षार मागें ठेवून जातें. लोणा म्हणतात तो हाच.

म्हणून पहिलें काम जलरोधक थराचें. सिमेंट व पॉलिमर यांच्या मिश्रणाचा एक हात गिलाव्यावर द्यावा, आणि तो वाळल्यावर दुसरा त्यास आडवा द्यावा. भिंत जमिनीस मिळते त्या कोपऱ्यांत व नळांच्या भोंवतीं या थरांतच जाळीदार कापडाची पट्टी बसवावी. गळती बहुधा तेथूनच सुरू होते. शॉवरच्या भिंतीस हा थर त्याच्या तोंडाच्याही वर न्यावा. इतर भिंतींस जमिनीपासून निदान 1 फूट तरी असावा. जमिनीसही तो देऊन पुरता वाळल्यावर मोरीचें तोंड बंद करावें, व 24 तास पाणी सांठवून ठेवावें. खालीं वा शेजारीं ओल न दिसल्यासच पुढील कामास हात घालावा.

आतां निवडीविषयीं. भिंतीसाठीं मिळणाऱ्या साध्या झिलईदार टाइलचें अंग शेंकडा 10 हून अधिक पाणी शोषतें. विट्रिफाइड टाइल शेंकडा अर्ध्याहूनही कमी. मागें थर असेल तर पहिलीही पुरेशी होते. दुसरी पाणी पीत नाहीं, म्हणूनच साध्या सिमेंटला नीट धरीतही नाहीं; तिला चिकटविण्याचा खास मसाला हवा. तो पाठीवर सर्वत्र लागला पाहिजे. नाण्यानें वाजवून पाहतां बद्द आवाज आला, तर आंत पोकळी आहे असें समजावें. सांधे एपॉक्सीचे केल्यास ते पाणी जवळजवळ शोषीत नाहींत. कोपऱ्यांत मात्र सिलिकोनच भरावें, कारण तेथें भिंती किंचित् हलतात व कठीण सांधा तडकतो. संगमरवर देखणा खरा, परंतु खाऱ्या पाण्याचे डाग काढण्यास अ‍ॅसिड लाविलें, कीं त्याची झळाळी गेली. जिप्समचा गिलावा पाण्यानें मऊ पडतो. त्यास येथें थारा देऊं नये. पीव्हीसीचे तक्ते स्वस्त, हलके व थोड्या सांध्यांचे; पण ओल्या भिंतीवर ते ठोकणें म्हणजे रोग झांकणें होय.

आणखी एक गोष्ट. भिंती रोज घासणाऱ्या माणसाचा कौल आधीं घ्यावा. सांधे कमी असले कीं त्याचे श्रम वांचतात; आणि वाफ बाहेर जाण्यास खिडकी किंवा पंखा असला, कीं बुरशीही आटोक्यांत राहते.

पैसा अपुरा असेल, तर टाइल स्वस्तांतली घ्यावी. थरांत काटकसर करूं नये. टाइल पुढें केव्हांही बदलतां येते. आजोबांचीं अक्षरें आम्हांस पुन्हां लिहून घेतां आलीं नाहींत.